तोंड बघून केलेली निवड

औशात शिवगंगेच्या गिरणीत पहिल्यांदा दळण घेऊन येणारी बाई तिच्या तोंडाकडे एकदाच बघायची आणि मग पीठ होईपर्यंत फिरत्या पट्ट्याकडे बघत उभी राहायची. शिवगंगेचा डावा गाल आत खचलेला होता, त्या बाजूचा ओठ वर ओढला गेला होता, आणि डावा डोळा झोपेतसुद्धा पुरता मिटत नसे. पट्ट्यात पदर अडकून झालं असेल, असा नव्या बायका अंदाज करायच्या. जुन्यांना खरं ठाऊक होतं.

तिचं लग्न ठरवताना सिद्रामप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, त्यांच्या भावकीत कुणी न केलेली गोष्ट केली होती. एकाच आठवड्यात दोन स्थळं बघून गेली, तेव्हा त्यांनी पोरीला समोर बसवून विचारलं, "कुठलं पसंत हाय, तेवढं तू सांग. मी मधी बोलणार न्हाई."

पहिला मुलगा रेणापूरचा होता. बुटका, सुपासारखे कान, गालावर मुरमांचे खड्डे. पोहे खाता खाता त्यानं विचारलं होतं, "तुम्हाला पुढं शिकायचं हाय का?" शिवगंगा दाराआड जाऊन तोंडावर ओढणी धरून हसली होती. दुसरा उदगीरचा राजशेखर. उंच, गोरा, सरळ नाक, घारे डोळे. तो बैठकीत आला तेव्हा शेजारच्या बायका कामं टाकून खिडकीशी आल्या होत्या. त्यानं शिवगंगेला काहीच विचारलं नाही. तिनं त्याच्याच नावाला होकार दिला.

लग्नानंतर नवव्या दिवशी त्यानं पहिल्यांदा हात उचलला. भाकरी करपली म्हणून. पुढं कारण लागेनासं झालं. कधी पट्टा, कधी चप्पल, कधी केसाला धरून भिंतीवर. आपण स्वतः निवडलेला माणूस, म्हणून तिनं माहेरी एक शब्द कळवला नाही. मुलगी अंजू सव्वा वर्षाची होती, तेव्हाची ती सकाळ. शिवगंगा दारात उभी राहून दूधवाल्याशी बोलत होती. तो गेल्यावर राजशेखरनं तिला आत ओढलं.

"दारात उभारून तोंड कुणाला दाखवून राहिलीस? तोंडच न्हाई राहिलं तर काय दाखवशील?"

पाट्यावर वरवंटा होता. तो त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या गालावर मारला. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानानं आतून ऐकला. दात जिभेवर आले. ती खाली पडली, आणि त्यानं वरवंटा परत उचललेला तिला दिसला. पोरगी कोपऱ्यात किंचाळत होती. शिवगंगेचा हात शेजारी जमिनीवर मांडलेल्या गॅसवर पोचला. तापलेला तवा हाताला लागला, तळवा चर्रकन भाजला, पण तिनं तो सोडला नाही. कडेनं तिनं त्याच्या मनगटावर घातला, मग कोपरावर, मग तो खाली बसला तरी खांद्यावर. रक्तानं भरलेलं तोंड घेऊन, पोरीला काखेत मारून ती रस्त्यावर आली, तेव्हा शेजाऱ्यांनी रिक्षा बोलावली.

लातूरच्या दवाखान्यात दीड महिना जबडा तारेनं बांधून होता. पुढं फारकत झाली. सिद्रामप्पांनी गिरणी तिच्या हातात दिली आणि स्वतः सकाळची लिंगपूजा आटोपून पाठीमागच्या खोलीत बसू लागले. शिवगंगा मोटर उघडायला शिकली, जात्याच्या दगडाला टाकी लावायला शिकली, आणि कुणी गिऱ्हाईक वाकडं बोललं तर त्याचा डबा रस्त्यावर ठेवायला शिकली.

देखण्या गोष्टीवरचा तिचा विश्वास मात्र कायमचा उडाला. बाजारात चकचकीत वांगं दिसलं की "आत अळी असणार" म्हणून ती डागाळलेलं उचलायची. साडी घ्यायची तर दुकानदार जी दाखवायला लाजायचा ती. आणि नशीब असं की अंजू दिसायला हुबेहूब बापावर गेली होती. तेच सरळ नाक, तेच घारे डोळे. "काय चित्रासारखी पोर हाय गं," असं कुणी म्हटलं की शिवगंगा दळणात हात घालून उगंच दाणे चाळायची.

अंजू बारा वर्षांची झाली त्या वर्षी भागवतचं प्रकरण घडलं.

भागवत हा किल्लारी रस्त्याला शेत असलेला गडी. त्याला कारवानी कुत्र्यांचा नाद. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी ती कुत्री पूर्वी सशामागं सोडायचे. आता तसं उघड करता येत नव्हतं, म्हणून भागवतनं कुठून तरी पेटी भरून गिनीपिग आणले. गावात त्यांना विलायती उंदीर म्हणायचे. शेपूट नसलेली, मूठभर, गुबगुबीत जनावरं. कुत्र्यांच्या तोंडाला रक्त लागावं म्हणून तो दर रविवारी दुपारी त्यांचा खेळ मांडायचा.

त्या रविवारी अंजू एका घरी पिठाचा डबा पोचवायला गेली ती परत आलीच नाही. शिवगंगा शोधायला निघाली. शेताच्या कडेला माणसांची गर्दी दिसली. पत्रे उभे करून, पहारी ठोकून गोल रिंगण केलं होतं. चाळीसेक माणसं, निम्म्यांच्या हातात मोबाईल. भागवत रिंगणातच ठेवलेल्या पेटीतून एकेक गिनीपिग मागच्या पायाला धरून काढायचा, दोनदा हवेत फिरवायचा आणि कुत्र्यापुढं फेकायचा. जनावर पळत नव्हतं, जागच्या जागी गोठून शिट्टीसारखं ओरडत होतं. कुत्रं झेप घ्यायचं, मानेला धरून झटका द्यायचं, आणि आवाज बंद व्हायचा. मातीवर लाल-पांढऱ्या केसांचे पुंजके पडले होते. प्रत्येक झटक्याला लोक "हाऽऽव!" म्हणून ओरडत होते.

आणि तेवढ्यात अंजू गर्दीतून रिंगणात घुसली. पेटीवर पालथी पडून तिनं दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं.

"काढा रे त्या पोरीला," भागवत ओरडत होता. "चावलं तर मला बोलू नका!"

कुत्र्याच्या तोंडात तेव्हा एक गिनीपिग होता, अजून जिवंत. अंजू हललेली बघून त्यानं तो टाकला आणि तिची पोटरी धरली. अंजू किंचाळली. शिवगंगेनं पत्र्याला टेकू दिलेली पहार उपसली. पत्रा कोसळला, लोक मागं सरकले. पहिला घाव कुत्र्याच्या बरगडीवर बसला. त्यानं पोटरी सोडली नाही. दुसरा कण्यावर बसला. मागचे पाय लुळे पडले, तरी दात रुतलेलेच. तिसऱ्या घावाला डोकं फुटलं.

भागवतनं मागून तिच्या केसांना हात घातला. "माझा वाघ मारलास, रांडे!" म्हणत त्यानं तिच्या खचलेल्या गालावरच ठोसा मारला. शिवगंगेच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पण असल्या माराची तिला ओळख होती. त्यात पडायचं नसतं हे ती शिकली होती. तिनं पहार फिरवली. भागवतचं कोपर उलट्या दिशेला वाकलं आणि तो मातीत लोळू लागला. मग ती वळली आणि मोबाईल धरलेल्या माणसांकडं पहार रोखून म्हणाली, "आता काढा फोटो. आता का थांबलात?"

मोबाईल खाली गेले. पोलिसांची गाडी आली तेव्हा ती अंजूच्या पायाला तिचीच ओढणी बांधून पेटीवर बसून होती.

भागवतवर गुन्हा दाखल झाला. शिवगंगेलाही ठाण्यात चार वेळा जावं लागलं. अंजूच्या पोटरीला नऊ टाके पडले, आणि कुत्र्याची इंजेक्शनं घेताना ती दरवेळी विचारायची, "मम्मी, त्यातले किती वाचले?"

अकरा वाचले होते. त्यांना लातूरला रेणापूर नाक्याजवळ दयानंदच्या शेडमध्ये ठेवलं होतं. दयानंद जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता आणि उरलेल्या वेळात मोडकी-तोडकी, टाकलेली जनावरं सांभाळायचा. बरी झाली की चांगलं घर बघून देऊन टाकायचा. अंजूनं ते ऐकलं आणि हट्ट धरला. सिद्रामप्पा म्हणाले, "दे पोरीला एक. जीव लावलाय तिनं." दीड महिन्यानं मायलेकी एसटीनं लातूरला गेल्या.

शेडमध्ये विटांचं कुंपण घालून गिनीपिग सोडले होते. दयानंद वाकून घासगवत टाकत होता. शिवगंगेला बघून तो उभा राहिला.

"या अक्का. तुमचंच नाव ऐकून राहिलोय दीड महिना."

अंजूची नजर आत जाताच एकावर बसली. सोनेरी-पांढरा, अंगभर रेशमासारखे केस, डोक्यावर फुलासारखा भोवरा, डोळे काळेभोर. "मम्मी, हा! हाच!"

शिवगंगेची नजर दुसरीकडे होती. कोपऱ्यात विटेला पाठ लावून एकटाच बसलेला. एक डोळा गेलेला, त्या जागी शिवलेली खाच. एक कान अर्धा. वरचा ओठ फाटून वाकडा जुळलेला, त्यातून पिवळे दात दिसत होते. हाच तो कुत्र्याच्या तोंडातून पडलेला, असं दयानंदनं सांगितलं.

"हा दे," शिवगंगा म्हणाली.

"मम्मी! ते किती घाण दिसतंय!"

"म्हणूनच. त्याला कोण नेणार?"

दयानंदनं डोकं खाजवलं. "अक्का, एक सांगू? तोंड बघूच नका. हातात घ्या. नाक कोरडं हाय का, श्वास घरघरतो का, दात सरळ हायेत का, ते बघा. हात लावला की अंग चोरतंय की जवळ येतंय ते बघा. इथं चार घटका बसा, मग ठरवा. ह्या काण्याला मी अजून कुणालाच दिला न्हाई, कारण तो चावतो. दुसऱ्याला जवळ येऊ देत न्हाई. आणि हे दोघं नर हायेत. एका पिंजऱ्यात जमतील का न्हाई, देव जाणे."

"चावणारच. ज्याला फाडलंय तो चावणार न्हाई तर काय करणार?" शिवगंगेचा आवाज चढला. "प्रेमानं ऱ्हाईल. मला ठाऊक हाय असल्यांचं."

"आठ दिवस दोघांना इथं शेजारी ठेवून बघतो, मग न्या."

"मी परत परत गिरणी बंद ठेवून येऊ का?"

दयानंदचा नाईलाज झाला. दोघंही मिळाले. अंजूला सोनेरी, शिवगंगेला काणा. एसटीत शिवगंगेनं काण्याची पेटी मांडीवर घेतली, जाळीतून बोट घातलं आणि ते बोट त्यानं फोडलं. तिनं रक्त चोखून टाकलं आणि हसली.

पहिले तीन दिवस दोघं पिंजऱ्याच्या दोन टोकांना राहिले. काणा दात कटकट वाजवत राहायचा. सोनेरी अंजूच्या मांडीत बसून कोथिंबीर खायचा. शिवगंगा काण्याला निवडून निवडून कोवळा घास घालायची आणि म्हणायची, "तो बघ, नुसता रूपाचा. हा बघ कसा, सोसलेला."

चौथ्या दिवशी दुपारी गिरणीत दळण चालू होतं. पट्ट्याच्या आवाजात पाठीमागच्या खोलीतलं ओरडणं उशिरा ऐकू आलं. शिवगंगा मोटर बंद करून धावली. पिंजऱ्यात केस उडत होते. काण्यानं सोनेरीला कोपऱ्यात दाबून मानेत दात घातले होते, आणि तो सोडत नव्हता. सोनेरी आता ओरडतही नव्हता, त्याचे पाय नुसते गवत खरवडत होते. अंजू शाळेतून आलेली होती. तिनं दप्तर टाकलं आणि उघडा हात आत घातला. काण्यानं मान सोडून तिच्या अंगठ्यात दात रुतवले, पार हाडापर्यंत. अंजूनं हात झटकला तसा काणा भिंतीवर आदळला आणि पिंजऱ्यामागं पळाला. सोनेरीची मान एका बाजूला फाटली होती. अंजूच्या हातात तो दोनदा ताठला आणि थंड पडला.

अंजू आईकडं वळली. घारे डोळे लाल झालेले, अंगठ्यातून रक्ताची धार.

"तूच आणलंस त्याला! तुला घाणच आवडतं! तुझं थोबाड तसं हाय म्हणून सगळ्यांची थोबाडं तशीच पायजेत तुला!"

शिवगंगेचा हात उठला. विचार करायला सवड नव्हती. पूर्ण ताकदीनं, खांद्यापासून फिरवून तिनं पोरीच्या तोंडावर थप्पड मारली. अंजू पिठाच्या पोत्यांवर पडली. तिचं नाक फुटलं. शिवगंगा पुढं झाली, दुसरी मारायला हात परत वर गेला, आणि तेव्हा सिद्रामप्पा दारात उभे असलेले तिला दिसले.

"शिवे," ते म्हणाले. "कुणाला मारून राहिलीस?"

ती तिथंच थांबली. पोत्यावर पडलेल्या चेहऱ्याकडं तिनं बघितलं. सरळ नाक, घारे डोळे, आणि दुसरा फटका आता येणार म्हणून डोक्यावर आडवा धरलेला हात. तो हात तिला ओळखीचा होता. उदगीरच्या स्वयंपाकघरात तो तिचा स्वतःचा होता. आणि तिनं मारलं होतं ते या पोरीला नव्हतंच. अकरा वर्षं ती ज्या तोंडाला मारायचं म्हणून दात खाऊन बसली होती, ते तोंड तिला पोरीच्या चेहऱ्यात दिसलं होतं.

ती खाली बसली. "अंजे," म्हणाली, पण पोरगी सरकून आजोबांच्या पायाशी गेली.

दवाखान्यात अंजूच्या अंगठ्याला टाके घातले, नाकात कापूस भरला. डॉक्टरांनी विचारलं, "नाकाला काय लागलं?" अंजू आईकडं न बघता म्हणाली, "पडले." शिवगंगेला तो शब्द वरवंट्यापेक्षा जोरात बसला. उदगीरला दोन-अडीच वर्षं ती हेच उत्तर देत आली होती.

"पडली न्हाई," ती डॉक्टरांना म्हणाली. "मी मारलं. लिहा तसं."

आठ दिवस अंजू तिच्याशी बोलली नाही. जेवण आजोबांच्या ताटात, झोपणं आजोबांच्या खोलीत. शिवगंगा दळत राहिली. नवव्या दिवशी तिनं कातड्याचा हातमोजा घालून काण्याला पेटीत भरलं. तो मोज्यावरही चावला. अंजू दारातून बघत होती. "तू येतीस का?" शिवगंगेनं विचारलं. पोरगी चपला घालून निघाली. एसटीत दोघींच्या मधे ती पेटी होती.

शेडमध्ये शिवगंगेनं पेटी दयानंदपुढं ठेवली. "तुझं ऐकलं न्हाई. एक मेला."

"ऐकलं मी." दयानंदनं काण्याला बाहेर काढून तपासलं. "अक्का, हा वाईट न्हाई. पण सोसलंय म्हणून तो चांगलाच असणार, असंबी न्हाई. तो जसा हाय तसा हाय."

शिवगंगा विटेवर बसली. अंजूकडं न बघता बोलू लागली. "मी एकदा तोंड बघून माणूस निवडला. मग शपथ घेतली, परत तोंड बघणार न्हाई. आणि इथं येऊन काय केलं? परत तोंडच बघितलं. त्याचा डोळा गेलाय, ओठ फाटलाय, एवढंच बघितलं. त्याला हातात घेऊन एकदाबी बघितलं न्हाई." ती थांबली. "आणि तुझंबी तसंच केलं, अंजे. तू तुझ्या बापासारखी दिसतीस, ह्यात तुझा काय गुन्हा? मी मारायला नको होतं. परत हात उचलला तर अप्पांना सांग, मला घराबाहेर काढा म्हणावं."

अंजू खाली बघत होती. नाकावरची सूज अजून उतरली नव्हती. "मी पण बोलायला नको होतं ते," ती म्हणाली. मग नाकाला हात लावून, "पण तू लई जोरात मारलंस."

"हाव," शिवगंगा म्हणाली. "लई जोरात मारलं."

दयानंद उगंच घास निवडत राहिला. मग त्यानं अंजूला कुंपणात बसायला सांगितलं. ती मांडी घालून बसली, बांधलेला अंगठा वर धरून. दोन तास बसली. पहिल्या तासात कुणी जवळ आलं नाही. मग मातीच्या रंगाची एक मादी, ना देखणी ना कुरूप, नजरेत न भरणारी, तिच्या गुडघ्याशी आली, हुंगून मागं गेली, परत आली. अंजूनं तिला उचललं. नाक बघितलं, दात बघितले, कानाशी धरून श्वास ऐकला. मादीनं तिच्या मनगटावर हनुवटी टेकली.

"ही," अंजू म्हणाली. शिवगंगेकडं बघून विचारलं, "नेऊ?"

"तू बघितलीस ना? मग ने." शिवगंगा उठली आणि काण्याची पेटीही उचलली.

"अक्का, ह्याला ऱ्हाऊ द्या इथं," दयानंद म्हणाला. "मी सांभाळतो."

"एकदा नेलाय तर नेलाय. एकटा ठेवते. मोजा घालून."

आता गिरणीच्या पाठीमागच्या खोलीत दोन पिंजरे शेजारी शेजारी आहेत. काणा अजून चावतो. एकदा सिद्रामप्पांच्या धोतराचा काठ त्यानं फाडला. अंजू त्याला हात लावत नाही, पण शाळेतून येताना दोघांसाठी घास तीच आणते. भागवतचा खटला चालू आहे. त्याचं कोपर सरळ होत नाही, आणि रस्त्यात दिसला की तो थुंकतो. शिवगंगा थांबून त्याच्याकडं बघते आणि मग पुढं जाते. यंदा उन्हाळा लई कडक पडला तेव्हा अंजूनं दोन्ही पिंजऱ्यांवर ओलं गोणपाट टाकलं आणि आत एकेक भिजवलेली वीट ठेवली. दुपारी गिरणी थांबली की दोघं जाळीच्या अल्याड-पल्याड, आपापल्या विटेवर पोट टेकून पडलेली असतात, अंगाला अंग लागेल इतकी जवळ. मधली जाळी काढायचं अजून कुणी बोललेलं नाही.